कर्जफेडीच्या मधल्या महिन्यांत धीर टिकवण्यासाठी

कर्ज फेडायचेच असे ठरवलेल्या माणसाचा पहिला महिना बहुधा चांगला जातो. वही उघडली जाते, खर्चाची यादी होते, बाहेरचे खाणे बंद होते आणि पगार झाल्याबरोबर हप्ता भरल्याचे समाधानही मिळते. शेवटचे तीन-चार महिनेही फारसे जड जात नाहीत, कारण सुटकेचा दिवस डोळ्यांसमोर आलेला असतो. अवघड असतात ते या दोहोंमधले महिने, आणि तीन-चार वर्षांच्या कर्जात ते तीस-चाळीस तरी भरतात. या काळात नवे काहीच घडत नाही. हप्ता जातो, बाकी किंचित कमी होते, घरातली एखादी हौस पुन्हा पुढे ढकलली जाते. बहुतेकांचा निश्चय ढिला पडतो तो याच काळात. म्हणून पहिल्या महिन्यातील उत्साह पुढे पुरेल असे गृहीत धरू नये. तो आहे तोवर अशा काही सोयी लावून घ्याव्यात, की उत्साह ओसरल्यावरही त्या आपोआप चालत राहतील. पुढे जे सांगितले आहे ते या सोयींविषयी आहे. लिहिताना डोळ्यांसमोर मुंबईत नोकरी करणारा असा वाचक आहे, की ज्याला क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, कार्यालयातील पतपेढी आणि नातेवाइकांची उसनवारी असे तीन-चार ठिकाणचे देणे एकाच पगारातून फेडायचे आहे.

सगळे देणे एका कागदावर

एकूण देणे किती, हा प्रश्न बहुतेक जण टाळतात, कारण उत्तराची भीती वाटते. तरीही सुरुवात येथूनच करावी. एका कागदावर प्रत्येक कर्जासाठी एक ओळ घ्यावी आणि तीत कोणाचे देणे, आजची बाकी, व्याजाचा वार्षिक दर, मासिक हप्ता, हप्त्याची तारीख आणि मुदतीपूर्वी फेडल्यास लागणारे शुल्क एवढी माहिती लिहावी. मोबाइल हप्त्यावर घेतला असेल तर तोही लिहावा. मेहुण्याकडून घेतलेले २० हजार आणि किराणा दुकानातील उधारीही लिहावी. व्याज नाही म्हणून ते देणे नाही असे होत नाही.

हे आकडे आठवणीतून लिहू नयेत. पर्सनल लोनसाठी बँकेकडून परतफेडीचे पूर्ण वेळापत्रक मागावे. त्यात प्रत्येक हप्त्यातील व्याज किती आणि मुद्दल किती हे स्वतंत्रपणे दिलेले असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून दिल्या जाणाऱ्या वैयक्तिक कर्जांबरोबर मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले असून, त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर छापलेला असतो. एखादे जुने खाते विसरले गेले आहे का, हे पाहण्यासाठी पतमाहिती अहवाल काढावा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो काढल्याने पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) घसरेल अशी शंका अनेकांना असते, म्हणून मुद्दाम सांगतो, की तसे होत नाही.

यादी झाल्यावर एकूण आकडा मनातल्या अंदाजापेक्षा मोठा निघू शकतो. त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये. दोन दिवसांनी कागद पुन्हा पाहावा. पूर्ण समजलेला मोठा आकडा अर्धवट ठाऊक असलेल्या आकड्यापेक्षा कमी छळतो, असे माझे मत आहे, आणि पुढचे प्रत्येक पाऊल या कागदावर अवलंबून आहे.

बाकी इतक्या हळू का उतरते

मधल्या महिन्यांत धीर सुटण्याचे एक मोठे कारण गणितात आहे, आणि ते आधी समजून घेतले तर स्वतःला दोष देण्याची वेळ येत नाही. समजा, ३ लाख रुपयांचे कर्ज १४ टक्के दराने चार वर्षांसाठी घेतले आहे. त्याचा हप्ता सुमारे ८,१९८ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील ३,५०० रुपये व्याजात जातात आणि ४,६९८ रुपयेच मुद्दलातून वजा होतात. दोन वर्षे, म्हणजे बरोबर निम्मे हप्ते भरून झाल्यावर आपले जवळपास १ लाख ९७ हजार रुपये गेलेले असतात, परंतु बाकी मात्र अजून सुमारे १ लाख ७१ हजार असते. निम्मा काळ गेला आणि निम्मेसुद्धा कर्ज फिटले नाही, हे पाहून माणूस खचतो. वस्तुतः त्याच्याकडून काहीही चुकलेले नसते. घटत्या बाकीवर व्याज आकारले जाते, म्हणून आधी व्याजाचा वाटा मोठा असतो आणि पुढे तोच हप्ता मुद्दल अधिक वेगाने कापतो. वेळापत्रकातील हे दोन रकाने दर सहा महिन्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत; व्याजाचा रकाना उतरताना आणि मुद्दलाचा चढताना दिसतो.

क्रेडिट कार्डाचे गणित याहून कठोर आहे. ८० हजारांची बाकी आणि महिना साडेतीन टक्के व्याज धरले, तर एका महिन्याचे व्याज २,८०० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५०४ रुपये लागतात, म्हणजे ३,३०४ रुपये केवळ जागेवर उभे राहण्यासाठी द्यावे लागतात. ४ हजार भरले तर बाकी ६९६ रुपयांनी उतरते. शिवाय मागील बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. तेव्हा ज्या कार्डाचे देणे फेडायचे आहे त्या कार्डावर नवी खरेदी करणे पूर्ण थांबवावे, फोनमधील खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला त्याचा क्रमांक काढून टाकावा, आणि बिलावर छापलेली किमान रक्कम ही फक्त विलंबशुल्क टाळण्यापुरती आहे हे लक्षात ठेवावे. किमान रक्कम भरत राहून कार्ड फेडता येत नाही, आणि प्रयत्न करूनही आकडा हलत नाही या अनुभवाइतके मनोधैर्य खच्ची करणारे दुसरे काही नाही.

कोणते देणे आधी

याविषयी दोन मते प्रसिद्ध आहेत. एक मत सांगते, की सर्वांचे किमान हप्ते भरून उरलेली रक्कम सर्वाधिक व्याजाच्या कर्जाकडे वळवावी. त्यात एकूण व्याज सर्वांत कमी लागते. दुसरे मत सांगते, की सर्वांत लहान कर्ज आधी संपवावे, म्हणजे एक नाव यादीतून कायमचे जाते आणि हुरूप वाढतो. दुसऱ्या मताला केवळ भावनेचा आधार आहे असे नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केलॉग स्कूलमधील डेव्हिड गाल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की कर्जमुक्तीच्या कार्यक्रमात दाखल झालेल्या लोकांपैकी कोण शेवटपर्यंत जाईल याचा अंदाज किती रक्कम फेडली यापेक्षा यादीतील किती खाती बंद झाली यावरून अधिक चांगला बांधता येतो.

माझा सल्ला दोन्हींचा मेळ घालणारा आहे. कार्डाचे व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जात असेल, तर ते बाकी कर्जांच्या तुलनेत इतके वरचे आहे की त्याला प्राधान्य दिलेच पाहिजे. मात्र दहा-पंधरा हजारांचे एखादे किरकोळ देणे दोन-तीन महिन्यांत संपवता येत असेल, तर आधी तेच संपवावे आणि त्याचा मोकळा झालेला हप्ता कार्डाकडे वळवावा. ज्या कर्जांच्या दरात दोन-तीन टक्क्यांचाच फरक आहे, त्यांत नेहमी लहान कर्ज आधी घ्यावे; थोडे व्याज जास्त गेले तरी मधल्या महिन्यांत एक खाते बंद होण्याचा प्रसंग येतो आणि त्याची तेव्हा फार गरज असते.

एक देणे संपले की त्याचा हप्ता पुढच्या देण्यात मिळवायचा, हा नियम कागदावर आधीच लिहून ठेवावा. मोकळे झालेले अडीच हजार रुपये घरखर्चात विरघळायला एक महिनाही लागत नाही, आणि एकदा विरघळले की परत निघत नाहीत. म्हणून शेवटचा हप्ता जाण्यापूर्वीच पुढील महिन्याची सूचना बँकेत देऊन ठेवावी.

कार्यालयातील कर्मचारी पतपेढीचे सभासद असाल, तर तिचा दर विचारून पाहावा. तो कार्डाच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो आणि त्या कर्जातून कार्डाची बाकी पूर्ण फेडणे हिताचे ठरते. पतपेढीचा हप्ता पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो, त्यामुळे त्यासाठी वेगळा निश्चय लागत नाही. परंतु येथे सहकारी जामीनदार असतात आणि आपली थकबाकी त्यांच्या पगारावर येते, ही जबाबदारी सही करण्यापूर्वीच ओळखावी. कार्ड फेडले तर ते त्याच आठवड्यात बंद करण्याचा अर्ज द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार बाकी पूर्ण भरलेली असल्यास बँकेने असा अर्ज सात कामकाजी दिवसांत निकाली काढायचा असतो, आणि विलंब झाल्यास दिवसाला ५०० रुपयांप्रमाणे भरपाई द्यावी लागते. कार्ड चालू ठेवून नव्या कर्जाने जुने फेडणारा माणूस वर्षभरात दोन्ही देण्यांत सापडण्याचा धोका मोठा आहे.

घरात पडून असलेले सोने विकावे की तारण ठेवावे की ठेवूनच द्यावे, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतः सोडवायचा आहे. एवढेच सांगेन, की सोनेतारण कर्जाचा दर कार्डापेक्षा पुष्कळ कमी असतो, मात्र मुदतीत सोडवले नाही तर लिलाव होतो; तेव्हा सोडवण्याची तारीख आणि पैसे कोठून येणार हे निश्चित असल्याखेरीज दागिना बाहेर काढू नये. आणि जिचा दागिना असेल, तिच्या पूर्ण संमतीखेरीज हा विचारही करू नये.

प्रगती दिसेल अशी मांडणी

मोबाइलमधील आकडा पाहून समाधान होत नाही. भिंतीवर किंवा वहीत, हाताने खूण करता येईल असे काही असावे. मुंबईच्या एका-दोन खोल्यांच्या घरात अडचण अशी, की आलागेला प्रत्येक माणूस भिंतीवरचे वाचतो आणि कर्जाचा आकडा कोणालाही चारचौघांत लावायचा नसतो. यासाठी एक सोपी युक्ती आहे. डोंबिवलीहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या धिम्या लोकलची स्थानके ओळीने लिहावीत: कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद आणि सीएसएमटी. डोंबिवली सोडल्यावर ही २३ स्थानके होतात. २ लाख ३० हजारांच्या कर्जात प्रत्येक स्थानक म्हणजे फिटलेले १० हजार मुद्दल. आकडा वेगळा असेल तर त्याला २३ ने भागावे, किंवा आपल्या रोजच्या मार्गावरील स्थानके घ्यावीत. पाहुण्याला तो केवळ लोकलचा तक्ता दिसतो, आणि घरातील सर्वांना "या महिन्यात भांडुप आले" याचा अर्थ कळतो. लहान मुलांनाही रक्कम न सांगता सामील करून घेता येते. घाटकोपर गेले की निम्मे अंतर होत आले, हे मुंबईकराला वेगळे समजवावे लागत नाही.

तक्ता आजपासून सुरू करू नये, कर्ज घेतल्या दिवसापासून सुरू करावा. वरच्या उदाहरणात ७० हजार मुद्दल आधीच फिटले असेल, तर नाहूरपर्यंतच्या सात स्थानकांवर पहिल्याच दिवशी खूण करावी. जोसेफ नून्स आणि झेवियर ड्रेझ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मोटारी धुण्याच्या केंद्रावरील ग्राहकांना दोन प्रकारची कार्डे दिली होती. एकावर आठ शिक्के हवे होते आणि ते कोरे होते. दुसऱ्यावर दहा हवे होते, पण त्यांतील दोन आधीच मारलेले होते. दोघांनाही आठच वेळा यावे लागणार होते. तरीही पहिल्या गटातील १९ टक्के ग्राहकांनी कार्ड पूर्ण केले आणि दुसऱ्या गटातील ३४ टक्क्यांनी. सुरुवात झालेली आहे असे दिसले की माणूस पुढे जातो. आपली सुरुवात तर खरोखरच झालेली असते. ती कागदावर दिसू द्यावी एवढेच.

खूण मुद्दलावर करावी, भरलेल्या हप्त्यांच्या संख्येवर करू नये. हप्ते मोजले तर ४८ पैकी १९ हा आकडा निर्जीव वाटतो, आणि जादा भरलेल्या रकमेचे श्रेय त्यात कोठेच मिळत नाही. मुद्दल मोजले तर दिवाळीत भरलेले जादा पंधरा हजार म्हणजे एकदम दीड स्थानक पुढे, हे त्याच दिवशी दिसते.

मुंबईच्या वर्षाचा अंदाज

योजना फसते ती मोठ्या संकटाने फसतेच असे नाही. अनेकदा ती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येणाऱ्या आणि तरीही दरवर्षी अनपेक्षित वाटणाऱ्या खर्चाने फसते. जूनमध्ये शाळेचे शुल्क, वह्या-पुस्तके, गणवेश, रेनकोट. गणपतीत गावी जाण्याचे तिकीट आणि घरच्या गणपतीचा खर्च. दसरा-दिवाळीची खरेदी. विम्याचा वार्षिक हप्ता. मे महिन्यातील लग्ने आणि आहेर. भाड्याच्या घरात असाल, तर अकरा महिन्यांचा करार संपला की वाढीव भाडे, नोंदणीचा खर्च, आणि घर बदलावे लागले तर दलाली व वाढीव डिपॉझिट. या सर्वांची बेरीज करून बाराने भागावे आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात टाकावी, ज्या खात्याला यूपीआय जोडलेले नाही. ही रक्कम बाजूला काढल्याने कर्जाकडे जाणारा जादा हप्ता लहान होईल, हे खरे आहे. तरीही हेच करावे. जूनमध्ये शाळेसाठी पुन्हा कार्ड वापरावे लागले, की मागच्या पाच महिन्यांचे कष्ट वाया गेले अशी भावना होते, आणि त्या भावनेचे नुकसान रकमेपेक्षा मोठे असते.

याच खात्यात, आधी एका महिन्याच्या आणि पुढे दोन महिन्यांच्या हप्त्यांइतकी राखीव रक्कम ठेवावी. हप्ता परत गेला तर कर्ज देणारी संस्था आणि आपली बँक दोन्ही शुल्क लावतात, पतमाहिती अहवालात नोंद होते, आणि वसुलीचे फोन सुरू झाले की घरातील वातावरण बदलते. पंधरा हजारांची राखीव रक्कम या सर्वांपासून वाचवते. व्याजाचा विचार करता हे पैसे कर्जात टाकणे अधिक फायद्याचे असते, असा आक्षेप हिशोबी माणूस घेईल. गणित त्याच्या बाजूने आहे, पण जो मध्येच थांबतो त्याला त्या गणिताचा लाभ मिळत नाही.

हप्त्यांच्या तारखा पगाराच्या लगेच नंतर आणून घ्याव्यात. पगार एक तारखेला होत असेल आणि हप्ता वीस तारखेला असेल, तर एकोणीस दिवस ती रक्कम आपली आहे असे वाटत राहते. पुष्कळ बँका विनंतीवरून तारीख बदलून देतात.

दिवाळीच्या बोनसचा किंवा सानुग्रह अनुदानाचा निर्णय तो हाती येण्यापूर्वी, शक्यतो गणपतीच्या सुमारास, घरातील सर्वांनी बसून करावा. सगळा बोनस कर्जात टाकावा असे मी सांगणार नाही. ज्या घराने वर्षभर काटकसर केली, त्याला दिवाळीत काहीच मिळाले नाही तर पुढचे वर्ष निघत नाही. दोन भाग कर्जाला आणि एक भाग घराला, अशी वाटणी बहुतेकांना झेपते. जादा रक्कम भरण्यापूर्वी करारातील शुल्क तपासावे. पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचे असते, आणि त्यात ठरावीक हप्ते झाल्यावरच अंशतः परतफेड स्वीकारली जाते किंवा त्यावर शुल्क असते. अंशतः परतफेडीनंतर हप्ता कमी करायचा की मुदत, असे विचारले जाते. हप्ता झेपत असेल तर मुदत कमी करून घ्यावी, आणि ती तशी झाल्याचे नवे वेळापत्रक लेखी घ्यावे.

घरातील माणसे आणि नातेवाईक

जोडीदारापासून कर्ज लपवून ते फेडता येत नाही. लपवलेल्या हप्त्यासाठी खोटी कारणे द्यावी लागतात, आणि खर्च का टाळला जातो हे न कळल्याने घरात कडवटपणा येतो. सांगताना यादीचा कागद समोर ठेवावा, स्पष्टीकरणे कमी द्यावीत आणि पुढची योजना दोघांनी मिळून ठरवावी. त्यानंतर महिन्यातून एकदा, पगारानंतरच्या रविवारी, अर्धा तास हिशोबाला बसावे. त्या अर्ध्या तासाबाहेर कर्जाचा विषय जेवताना किंवा भांडताना काढू नये, हा नियम दोघांनी पाळावा; त्याने घर हलके राहते. प्रत्येकाच्या हाती दरमहा थोडी रक्कम अशी असावी, की जिचा हिशोब कोणी विचारणार नाही. पाचशे रुपये असले तरी चालतील. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर स्टेशनबाहेर खाल्लेल्या वडापावाचाही जाब द्यावा लागला, तर ती काटकसर कोणालाही फार काळ सहन होत नाही.

ज्यांच्याकडून उसने घेतले आहे, त्यांना टाळण्याचा मोह होतो. त्याऐवजी आपणहून फोन करावा. "दादा, तुमचे पंधरा हजार मी विसरलेलो नाही. एकदम जमत नाहीत, पण दर महिन्याच्या सात तारखेला दीड हजार पाठवीन, दहा महिन्यांत पूर्ण होतील." असे ठरवून सांगितले आणि पहिली रक्कम वेळेवर गेली, की संबंध सावरू लागतात आणि लग्नकार्यात समोरासमोर येण्याची धास्ती संपते. शब्द दिला तो अखेरपर्यंत पाळता येईल एवढीच रक्कम मात्र सांगावी.

आहेर, भिशी आणि जामीन या तीन बाबतींत आधीच उत्तर तयार ठेवावे. आहेराची रक्कम पूर्वीपेक्षा कमी केली म्हणून जवळचे नाते तुटत नाही. चालू भिशी पूर्ण करावी, कारण त्यात इतरांचे पैसे अडकलेले असतात, पण नव्या फेरीत नाव देऊ नये. आणि आपले कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नये. "माझ्या स्वतःच्या कर्जामुळे मला सही करता येत नाही" एवढे एक खरे वाक्य पुरते.

एखादा महिना चुकला तर

दोन-तीन वर्षांत एखादा महिना चुकणार, असे धरूनच चालावे. आजारपण येते, पगार लांबतो, नोकरी जाते. अशा वेळी सर्वांत घातक विचार म्हणजे आता सगळेच बिघडले. जादा रक्कम भरता आली नाही तर ठरलेला हप्ता भरावा. पूर्ण हप्ता जमणार नसेल तर तारीख येण्यापूर्वी बँकेला लेखी कळवावे आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची किंवा काही काळ सवलतीची मागणी करावी. ती मान्य होईलच असे नाही, परंतु आधी कळवलेल्या ग्राहकाची बाजू पुढे तक्रार करताना भक्कम असते. तक्त्यावर त्या महिन्यात खूण करता येणार नाही. आधीच्या खुणा मात्र तशाच राहतात, आणि पुढच्या महिन्यात दुप्पट भरून काढण्याची शपथ न घेता नेहमीचा हप्ता भरणे हेच पुरेसे आहे.

वसुलीच्या फोनमुळे घाबरून जाऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनांनुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी देणे, शिवीगाळ करणे, नातेवाईक किंवा मित्रांसमोर अपमान करणे यांना मनाई आहे. तसे झाल्यास तारीख, वेळ आणि क्रमांक लिहून ठेवून बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला कोणतेही शुल्क लागत नाही. फोनमधील संपर्क आणि छायाचित्रांची परवानगी मागणाऱ्या कर्जाच्या ॲपकडे आणि विनापरवाना सावकाराकडे हप्त्यासाठी कधीही जाऊ नये. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात त्याविरुद्ध तक्रार करता येते.

थकबाकी वाढली की तडजोडीचा प्रस्ताव येतो: निम्मी रक्कम भरा, बाकी सोडून देऊ. दुसरा मार्गच नसेल तर तो स्वीकारावा, पण पतमाहिती अहवालात ते खाते "बंद" असे न दिसता "तडजोड" असे दिसते आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना त्याचा त्रास होतो, हे ठाऊक असावे. तडजोडीचे पत्र हाती येण्यापूर्वी एक रुपयाही भरू नये.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर कागद आणि हिशोब बाजूला ठेवून त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि मराठीतही बोलता येते. कर्ज ही दिवाणी बाब आहे; ते थकले म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, आणि ते फेडायला माणूस असावा लागतो.

खाते बंद करताना

मधल्या काळात बँकेकडून "तुमच्यासाठी मंजूर" अशा नव्या कर्जाचे फोन येतील, आणि नियमित हप्ते भरणाऱ्याला ते अधिक येतात. चालू कर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जात आणखी वाढीव रक्कम, घेतले की तक्त्यावरील खुणा पुसून पुन्हा मागे जावे लागते. नवे कर्ज घेऊन जुने फेडण्याचा विचार एकाच स्थितीत करावा: सर्व शुल्के धरून वार्षिक दर स्पष्टपणे कमी आहे, मुदत वाढत नाही, आणि जुने खाते त्याच दिवशी बंद होते. यांपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तरी नकार द्यावा.

प्रत्येक कर्ज संपल्यावर बँकेकडून कोणतेही देणे शिल्लक नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, बँक खात्यावरील आपोआप वजावटीची सूचना रद्द करून घ्यावी, आणि साधारण दीड महिन्याने पतमाहिती अहवाल काढून ते खाते बंद व बाकी शून्य असे दिसते की नाही हे तपासावे. नोंद चुकीची असेल तर प्रमाणपत्र जोडून त्या पतमाहिती कंपनीकडेच दुरुस्तीची मागणी करता येते. प्रमाणपत्राची मूळ प्रत यादीच्या कागदाबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवावी. शेवटचे कर्ज संपले, की त्याच रकमेची आवर्ती ठेव त्याच तारखेला सुरू करावी. त्या रकमेविना घर चालवण्याची सवय एव्हाना झालेली असते.